बाहुली खोटं बोलत नाही

चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना सगळा बाजार बाहुलीबाई म्हणायचा, आणि त्यांना पहिल्यांदा बघणारा माणूस हे नाव ऐकून हमखास हसू दाबायचा. बाई अंगापिंडानं चांगल्या दणकट. दारात उभ्या राहिल्या की दार भरून जायचं. आवाज असा की त्यांनी आतून कुणाला हाक मारली तर समोरच्या फुटपाथवरचा भलताच माणूस 'आलो आलो' म्हणत वळायचा. बाहुलीचं त्यांच्यात काही म्हणजे काही नव्हतं. नाव पडलं ते त्यांच्या एका वाक्यामुळे. "तोंड काय वाट्टेल ते बोलेल, बाहुली खोटं बोलत नाही," असं त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. बाहुली म्हणजे डोळ्यातली, बुबुळाच्या मधोमध असतो तो काळा ठिपका.

चष्मा करायचा तर दोन्ही बाहुल्यांमधलं अंतर मोजावं लागतं. काचेचा मध्य बाहुलीच्या बरोबर समोर यायला हवा, नाहीतर गिऱ्हाईकाचं डोकं दुखतं आणि मग ते परत येऊन दुकानदाराचं डोकं खातं. म्हणून बाई गिऱ्हाईकाला आतल्या कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसवायच्या, स्वतः वीतभर अंतरावर बसायच्या, छोटी मापपट्टी त्याच्या नाकावर आडवी धरायच्या आणि म्हणायच्या, "माझ्याकडे बघा. हलू नका. श्वास घेतलात तरी चालेल."

इतक्या जवळून वर्षानुवर्षं डोळे बघितले की माणसाला काहीतरी कळायला लागतंच. उजेड पडला की बाहुली बारीक होते, अंधारात मोठी होते, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. पण तिला आणखी एक दोरी बांधलेली आहे आणि ती मनाच्या हातात आहे, हे बाईंना दुकानात बसून कळलं होतं. फ्रेम निवडायला लोक जोडीनं येतात. एकजण एकामागून एक फ्रेम चढवून बघतो आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे असतं. बाई मात्र सोबत आलेल्याच्या डोळ्यांत बघायच्या. तो तोंडानं 'ठीक आहे, काय वाईट नाही' म्हणत असायचा आणि बाहुली मात्र पसरलेली असायची. तशी ती पसरली की बाई खालच्या कप्प्यातली महागाची फ्रेम काढायच्या. विकली गेली नाही असं क्वचितच झालं.

हळूहळू ही कीर्ती बाजारभर झाली. बेकरीवाल्यानं तर एकदा होणाऱ्या जावयाला गॉगल घेऊन द्यायच्या निमित्तानं दुकानात आणलं, सोबत मुलगीही. ते गेल्यावर बेकरीवाला एकटाच धापा टाकत परत आला. "काय म्हणते बाहुली?" बाईंनी चिमटीतला स्क्रू खाली ठेवला आणि सांगितलं, "तुमच्या मुलीकडे बघताना तीळभर हलली नाही. शोकेसमधल्या त्या महागाच्या गॉगलकडे बघताना मात्र अशी मोठी झाली की मलाच लाज वाटली." सोयरीक मोडली. त्या मुलानं पुढे मोटारींच्या शोरूमच्या मालकाची मुलगी केली, तेव्हा बेकरीवाल्यानं बाईंना भलामोठा केक पाठवला.

पण या विद्येनं बाईंचं स्वतःचं एक नुकसान केलं होतं. ऐन तारुण्यापासून त्या त्या स्टुलासमोर बसत होत्या. काळे, घारे, तपकिरी, सगळ्या वयांचे डोळे त्यांनी वीतभर अंतरावरून पाहिले, आणि त्यातली एकही बाहुली त्यांच्याकडे बघून मोठी झाली नव्हती. सुरुवातीला त्या वाट बघायच्या. मापपट्टी धरलेला हात स्थिर आणि जीव मात्र वरखाली. मग वाट बघणं सोडलं. दोनदा स्थळं आली तेव्हा चहाचा कप पुढे करता करता बाईंनी समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं, काय ते समजल्या आणि स्वतःच नकार कळवून मोकळ्या झाल्या. दुसरी कुणी असती तर तिला काही कळलं नसतं आणि ती सुखानं संसाराला लागली असती. बाईंना कळायचं, हीच पंचाईत. पन्नाशी जवळ आली तोवर त्यांची खात्रीच झाली होती की काही माणसांकडे बघून कुणालाच काही होत नाही, आणि आपण त्यातल्याच. याचं त्यांना फार वाईट वाटायचं. वाईट वाटतं हे कळू नये म्हणून त्या गिऱ्हाइकांवर खेकसायच्या.

दुकानात त्यांच्या जोडीला वहिनी होत्या, थोरल्या भावाची बायको. दादा बँकेत, आणि वहिनी गल्ल्यावर. काचा घासणं, बसवणं, माप घेणं बाईंकडे. गोड बोलणं वहिनींकडे. दुकान चालत होतं ते या वाटणीमुळे, असं दादांचं मत होतं.

आणि एका दुपारी, वहिनी जेवायला घरी गेलेल्या असताना, तो आला.

तो म्हणजे लिफ्टवाला. गावातल्या सगळ्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच, किंचित वाकलेला, हाताला ग्रीसचा वास, केस पांढरे व्हायला लागलेले पण भरपूर. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, हे पुढे कळलं. दारात तो अडखळला. मग शोकेसवर गॉगल घालून ठेवलेलं प्लास्टरचं डोकं होतं, त्याला त्यानं अदबीनं "नमस्कार" केला. बाईंना हसू आलं. गिऱ्हाईक विनोदी आहे, असं त्यांना वाटलं.

"इकडे या," त्या म्हणाल्या. "ते डोकं उधारीवर काम करत नाही."

तो आवाजाच्या दिशेनं वळला आणि चाचपडत आला. चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद त्यानं खिशातून काढून दिला. जवळचं दिसत नाही, तारांचे रंग ओळखू येत नाहीत, परवा वरची तार खाली लावली आणि लिफ्टमधल्या वकिलाला दोन मजल्यांमध्ये लटकवून ठेवलं, असं तो सांगत होता. बाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, मापपट्टी नाकावर धरली आणि म्हटलं, "माझ्याकडे बघा."

त्यानं बघितलं, आणि बाई माप घ्यायचंच विसरल्या.

बाहुली केवढी होती! बुबुळाचा रंग कडेला नुसत्या रेघेपुरता उरला होता, बाकी सगळी काळीभोर बाहुली. इतकी मोठी त्यांनी नवीन लग्न झालेल्या गिऱ्हाइकाचीसुद्धा पाहिली नव्हती. उजेड कमी असेल म्हणून त्यांनी टेबलावरचा दिवा ओढून त्याच्या तोंडावर धरला. बाहुली जागची हलली नाही. दिव्याला दादच देईना. आणि तो भान हरपल्यासारखा त्यांच्या चेहऱ्याकडे एकटक बघतोय, ओठांवर थोडंसं हसू.

बाईंनी माप घेतलं. ते चुकलं असं वाटून पुन्हा घेतलं. मग केवळ बघत राहता यावं म्हणून आणखी एकदा घेतलं. "झालं," असं त्या म्हणाल्या तो आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही, कारण तो हळू होता. "सावकाश उतरा, खाली पायरी आहे," असंही त्या म्हणाल्या. जन्मात त्यांनी कुणाला पायरीची सूचना दिली नव्हती, लोक ठेचकाळायचे आणि मग बाई म्हणायच्या, "डोळे तपासायला आलात ते बरं केलंत."

वहिनी जेवून आल्या तेव्हा बाई काचा घासायच्या मशीनवर बसून गुणगुणत होत्या.

"काय गं, ताप आहे का?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी मशीन बंद केलं आणि सांगून टाकलं. सगळं, दिव्यासकट. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. वहिनी ऐकत ऐकत स्टुलावर बसल्या.

"दिव्यालाही हलली नाही?"

"तसूभर नाही."

"मग हे फारच झालं," वहिनी म्हणाल्या. त्यांना डोळ्यांतलं काही कळत नव्हतं, पण नणंदेच्या तोंडावर काय आलंय ते त्यांना बिनचष्म्याचं दिसत होतं. "अगं बाहुले, मग वाट कसली बघतेस? चष्मा लवकर कर."

बाईंनी तो चष्मा असा केला की आजवर तसा कुणाचा केला नव्हता. काचेच्या कडा पुन्हा पुन्हा घासल्या. कानामागे टेकणाऱ्या काड्या गरम करून स्वतःच्या गालावर लावून बघितल्या, टोचत तर नाहीत ना म्हणून. घरी जाताना त्यांनी वळून वळून उंच इमारतींकडे बघितलं, त्यातल्या कुठल्या तरी इमारतीत तो आत्ता दोऱ्या ओढत असेल म्हणून. रस्ता तोच होता, पण दिवे जास्त लागल्यासारखे वाटत होते. दादांनी जेवताना विचारलं, "आज हिनं कुणाला शिव्या दिल्या नाहीत, बरं आहे ना सगळं?" वहिनींनी त्यांच्या पानात आणखी एक पोळी टाकली आणि गप्प बसवलं.

तो चष्मा न्यायला आला. बाईंनी नवे कपडे घातले होते आणि ते रोजचेच असल्यासारखं दाखवत होत्या. त्यांनी चष्मा त्याच्या नाकावर ठेवला, काड्या कानामागे सारल्या, आणि नेमकं त्याच वेळी त्यांना त्याच्या डोळ्यांत बघवेना. जिनं सगळ्या गावाच्या डोळ्यांत डोकावून पाहिलं तिची नजर त्याच्या शर्टाच्या बटणावरून वर सरकेना. तो म्हणाला, "छान दिसतंय." बाई म्हणाल्या, "हो का," आणि बटण बघत राहिल्या.

दोन दिवसांनी तो स्क्रू सैल झाला म्हणून आला. स्क्रू सैल नव्हता, तरी बाईंनी तो घट्ट केला. मग नाकावर वळ उठतो म्हणून आला. मग काच पुसायचं फडकं हरवलं म्हणून. बाई त्याच्यासाठी पंखा वळवायच्या, चहा सांगायच्या, लिफ्टबद्दल विचारायच्या. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतून काय काय बोलतात, हे तो आवाज काढून सांगायचा. तो वकील म्हणे आधी कायद्याच्या धमक्या देत होता आणि शेवटी आईला हाका मारायला लागला. बाई इतक्या जोरात हसल्या की शेजारच्या चपलांच्या दुकानातून काय झालं म्हणून माणूस आला. लिफ्टवालाही आता येताना हात साबणानं धुऊन यायला लागला होता, हे वहिनींनी हेरून ठेवलं होतं.

एका शनिवारी तो जायला निघाला आणि दारात थांबला.

"गावातली सगळ्यात उंच इमारत माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "गच्चीवर लिफ्टच्या मशीनची खोली आहे. तिथून नदीपलीकडचं सगळं दिसतं. उद्या दुकान बंद असतं ना तुमचं? येता का बघायला?"

"येते," बाई म्हणाल्या. त्यांना नाही म्हणायची जुनी सवय होती, पण या वेळी ती वेळेवर आठवली नाही.

तो गेला आणि दुकानात बाहुलीबाई जवळजवळ नाचल्या. फ्रेमचा एक ट्रे खाली पडला. वहिनी म्हणाल्या, "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ऐकलं होतं, उतावळी नवरी आज बघितली." दोघी खाली बसून फ्रेम गोळा करत होत्या, हसून हसून हातातून त्या पुन्हा सांडत होत्या, आणि तेवढ्यात सिस्टर आल्या.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर डोळ्यांचे डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडच्या या सिस्टर. डॉक्टरांचा चष्मा दुरुस्तीला दिलेला होता तो न्यायला त्या खाली उतरल्या होत्या. जिना उतरताना त्यांनी लिफ्टवाल्याला पाठमोरं जाताना पाहिलं होतं.

"हे आले होते होय?" सिस्टर म्हणाल्या. "काय माणूस आहे बाई. त्या दिवशी आमच्याकडे डोळ्याचा पडदा तपासायला आले होते. बाहुल्या मोठ्या व्हायला औषध घातलं. तपासणी झाल्यावर सांगितलं, काळा चष्मा लावा, बसून राहा, उतरेपर्यंत जवळचं काही दिसायचं नाही. तर म्हणे नंबराचा कागद गेल्या आठवड्यापासून खिशात आहे, तोवर खालच्या दुकानात टाकून येतो. काळा चष्मा खिशात, आणि भिंत धरून धरून जिना उतरले. मला वाटलं पडतात आता."

वहिनींच्या हातातली फ्रेम हातातच राहिली. बाई उठल्या, डॉक्टरांचा चष्मा शोधला, पुसला, सिस्टरना दिला, पैसे घेतले. सिस्टर गेल्या. मग बाई जाऊन गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

औषध. वरून औषध घालून आलेल्या माणसांना त्या बघताक्षणी ओळखायच्या. वहिनींना चहा सांगावा तितक्या सहज त्यांना सांगायच्या, "घरी जा, औषध उतरलं की या." औषधाची बाहुली दिव्याला हलत नाही, हे तर त्यांना कधीपासून ठाऊक होतं. तो दारात अडखळला होता. प्लास्टरच्या डोक्याला नमस्कार केला होता. चाचपडत आला होता. एकेक खूण डोळ्यांसमोर होती आणि त्यांनी एकेक खूण उचलून स्वतःच्या पदरात घातली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो त्यांनी दिवा हातात धरून करून दाखवला होता.

"भान हरपून बघत नव्हता तो," बाई म्हणाल्या. "त्याला मी दिसतच नव्हते."

वहिनींनी हातातली फ्रेम ट्रेमध्ये ठेवली.

"बाटलीतल्या दोन थेंबांसाठी मी नवे कपडे घातले, वहिनी." आणि बाहुलीबाई रडल्या. मोठ्यांदा नाही, त्यांच्या आवाजाच्या मानानं फारच हळू. इतक्या वर्षांत एक बाहुली मोठी झाली आणि तीही औषधानं, हे त्यांना सोसत नव्हतं. आपण त्यातल्याच, हे आता पुराव्यासकट सिद्ध झालं असं त्यांना वाटत होतं.

वहिनींनी दुकानाचं दार लोटून घेतलं. "उद्या जाणार आहेस ना?"

"कशाला? कोणत्या तोंडानं?"

"बरं, एक सांग. त्या दिवशी त्यांना तू दिसली नाहीस. मान्य. मग त्यानंतर इतक्यांदा कुणाला बघायला येतात? प्लास्टरच्या डोक्याला?"

"मी गोड बोलले म्हणून येतात. आणि मी गोड का बोलले? औषधामुळे. म्हणजे सगळं औषधच की."

वहिनी त्यांच्या समोर बसल्या, बाईंच्या जागेवर. "तुझ्या दादाची एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. मी कॉलेजात होते तेव्हा हे आमच्या खिडकीसमोर रोज उभे राहायचे आणि वर बघायचे. मला वाटलं, माझ्यासाठीच. मग मी रोज केस विंचरून खिडकीत. एक दिवस हसले. तेही हसले. लग्नानंतर कळलं, आमच्या खिडकीच्या वर, बाहेरच्या भिंतीला मोठं घड्याळ होतं. यांच्याकडे घड्याळ नव्हतं आणि बस चुकायची भीती."

बाईंचं रडू मध्येच थांबलं. "दादा घड्याळ बघत होता?"

"घड्याळ. आणि त्या घड्याळावर माझा सगळा संसार उभा आहे, दोन मुलं, हे दुकान आणि तू. आता मी काय यांना घड्याळासाठी सोडू? कुणी आपल्याकडे बघतंय म्हटलं की आपण फुलतो, बाहुले. आणि फुललेल्या माणसाकडे मग लोक खरंच बघतात. कुठून सुरू झालं याला काय करायचंय?"

"मला करायचंय," बाई म्हणाल्या. "मी गावाला सांगत फिरले की बाहुली खोटं बोलत नाही. मी फसवून घेणार नाही, आणि त्यांनाही फसवणार नाही. उद्या जाऊन सगळं सांगून येते आणि विषय संपवते."

"जा, संपव," वहिनी म्हणाल्या. "केस मात्र विंचरून जा."

रविवारी सकाळी ऊन रणरणत होतं. लिफ्टवाल्यानं बाईंना लिफ्टनं वर नेलं आणि मजल्यागणिक दोरीचा, चाकाचा आवाज कसा बदलतो ते सांगत राहिला. बाईंनी काही ऐकलं नाही. त्या मनात वाक्यं जुळवत होत्या आणि प्रत्येक मजल्यावर ती मोडत होती. गच्चीवर आल्या तेव्हा नदी, पूल, पलीकडची शेतं, लांब कुठेतरी आगगाडीचा धूर, सगळं एकदम समोर आलं. हे इतकं छान आहे आणि आपण ते संपवायला आलोय, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी घाईघाईनं बोलायला सुरुवात केली.

सगळं सांगितलं. बाहुलीचं, दिव्याचं, पुन्हा पुन्हा घेतलेल्या मापाचं, नव्या कपड्यांचंसुद्धा. "मला वाटलं तुम्हाला मी आवडले. म्हणून मी तशी वागले. एरवी मी तशी नाहीच. बाजारात कुणालाही विचारा, मी खेकसते. तेव्हा तुमचीही फसवणूक झाली आहे. चष्म्याचे पैसे परत हवे असतील तर देते."

लिफ्टवाला कठड्याला टेकून ऐकत होता. त्याच्या खांद्यांवरून कळत होतं की तो हसू आवरतोय.

"ते डोकं प्लास्टरचं होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"मला वाटलं, मालक आहेत. उत्तर दिलं नाही म्हणून राग आला होता." मग तो जरा गंभीर झाला. "बाई, त्या दिवशी मला तुम्ही खरंच दिसला नाहीत. एक मोठा ढग होता समोर आणि त्यातून आवाज येत होता. आवाज म्हणाला, सावकाश उतरा, खाली पायरी आहे. मला किती वर्षांत कुणी पायरी सांगितली नव्हती. मी लोकांना वरखाली नेतो, मला कोण सांगणार?"

"ते औषधामुळे—"

"ऐका तरी. चष्मा न्यायला आलो तेव्हा मी दाराबाहेरच थांबलो होतो, कारण आत तुम्ही कुणाला तरी झापत होता. त्या माणसानं चष्मा खिशात ठेवून त्यावर बसून घेतलं होतं. काय झापलंत त्याला. मी म्हटलं, हा तोच आवाज? मग मी आत आलो आणि तुम्ही एकदम हळू झालात, पंखा वळवलात. तेव्हा मला कळलं की ते हळू बोलणं सगळ्यांसाठी नसतं." त्यानं नाकावरचा चष्मा नीट बसवला. "मला तर त्या खेकसण्याचीही गंमत वाटली. लिफ्ट बंद पडली की मीसुद्धा असंच बोलतो तिच्याशी."

बाईंनी सवयीनं त्याच्या डोळ्यांत बघितलं. पहिल्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघितलं. डोक्यावर ऊन तळपत होतं आणि त्याच्या दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होत्या.

"काय म्हणते बाहुली?" त्यानं विचारलं. म्हणजे बाजारातलं त्यालाही ठाऊक होतं.

"उन्हात काही कळत नाही," बाई म्हणाल्या. "उन्हात सगळ्यांच्याच बारीक होतात."

"मग खोलीत चला, अंधार आहे."

"अंधारात सगळ्यांच्याच मोठ्या होतात." गावभरच्या मनांतलं ज्यांनी न विचारता ओळखलं त्यांना स्वतःसाठी एक वाक्य तोंडानं विचारायचं होतं, आणि ते कुणाला कधीच विचारलेलं नसल्यामुळे कसं विचारतात हेही माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी ते गिऱ्हाइकाला नंबर विचारावा तसं, रोखठोक विचारलं.

"आवडते का मी तुम्हाला?"

"आवडता."

"नक्की?"

लिफ्टवाल्यानं नाकावरचा चष्मा काढला, त्यांनीच केलेला, आणि त्यांना नीट दिसावं म्हणून वीतभर अंतरावर येऊन उभा राहिला.

"आज डोळ्यांत औषध नाही घातलेलं," तो म्हणाला.